शिकार आणि लांबचं टार्गेट, एकाच स्कोपवर भागेल का?

प्रश्न: माझी .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. शिकार १००-१५० मीटरवर, झाडीत, बहुतेक दिवस मावळताना. आता ६०० मीटरच्या टार्गेटची ओढ लागलीये. ५-२५×५६ स्कोप (झूम ५ ते २५ पट, पुढचं भिंग ५६ मिलिमीटर) घ्यावा का?

उत्तर १: झाडीसाठी नको. मी ६-२४ लावून दोन हंगाम काढले. एकदा पंधरा पावलांवर रानडुक्कर उठलं आणि स्कोपभर नुसते काळे राठ केस. खांदा की मांडी, कळेना. बोट ट्रिगरवरून काढलं. त्यानंतर ३-१८×४४ घेतला, आजही तोच आहे. संधिप्रकाशासाठी पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम करून बघा. ४४ भागिले ८, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत साडेपाच मिलिमीटरचा, डोळ्याला भरपूर. १८ वर जेमतेम अडीच, अंधारून आल्यावर निरुपयोगी.

उत्तर २: फर्स्ट फोकल प्लेन घ्या, म्हणजे रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) झूमबरोबर लहान-मोठं होतं आणि कुठल्याही झूमवर त्याच्या खुणांचं माप तेच राहतं. मात्र ३ वर रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक दिसतं, म्हणून ते उजळणारं हवं.

प्रश्नकर्ता: टरेट (नेम वर-खाली करायची फिरकी) मिलचा की एमओएचा? दोन्ही कोनाचीच मापं ना?

उत्तर १: मीटरमध्ये मोजता ना, मग मिल. ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर, ६०० वर ६. झीरो स्टॉप, म्हणजे टरेट मूळ नेमावर परत आणताना तिथेच अडवणारी सोय, असलेलाच बघा. नाहीतर टरेट एक फेरी वर राहतो आणि गोळी जनावराच्या पाठीवरून जाते. आणि हो, पॅरलॅक्सची (डोकं हललं की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवणारी) चकती हवीच. रायफल टेकवून डोकं जरासं हलवा. रेटिकल टार्गेटवरून सरकतंय तोवर चकती फिरवत राहा.