टायनीएसएवर ॲम्पचं हमिंग दिसतच नाही, काय चुकतंय?

वायरीत_गुंता, सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागला रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, मंडळांचे ॲम्प, मिक्सर असलं काम. हौसेनं टायनीएसए घेतला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर, वाटलं आता हमिंग कुठनं येतंय ते स्क्रीनवरच दिसेल. पण ० ते २० किलोहर्ट्झ लावलं की डावीकडे एक जाडजूड टोक येतं आणि बाकी काही नाही, ॲम्प बंद केला तरी टोक तसंच. मशीन खराब आलंय का?

जुना_रेडिओ, मिरज
मशीन बरोबर आहे, काम चुकीचं देताय त्याला. तो १०० किलोहर्ट्झपासून पुढचं बघायला केलाय. केबल काढून बघा, टोक तिथंच असेल, कारण ते मशीनच्याच आतल्या लोकल ऑसिलेटरचं (स्वतः सिग्नल तयार करणारं सर्किट) गळलेलं सिग्नल आहे, तुमच्या ॲम्पचं नाही. दुसरं म्हणजे साध्या मॉडेलचं रिझोल्यूशन, म्हणजे दोन टोकं वेगळी दाखवायची बारकाई, साधारण ३ किलोहर्ट्झ, त्यात हमिंगचे ५० आणि १०० हर्ट्झ वेगळे दिसणारच नाहीत, सगळा एकच ढिगारा.

कोरेगावचा_भावा, सातारा
भावा, अजून स्पीकरच्या टर्मिनलला लावला नाहीस ना? मी लावलेला. इनपुट ५० ओमचं, झेपतं फार तर १० मिलीवॅट, आणि माझा ॲम्प १०० वॅटचा, म्हणजे ८ ओमला २८ व्होल्ट. आवाज नाही, धूर नाही, नुसता मेला.

वायरीत_गुंता, सांगली
बापरे, उद्या तेच करणार होतो 😅 मग हमिंग बघायचं कशावर? ऑडिओ ॲनालायझरच्या किमती बघितल्या, त्यात दुकान विकायला लागेल.

जुना_रेडिओ, मिरज
लॅपटॉप आहे ना? लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड आणा, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातला आरटीए (फ्रिक्वेन्सीचा चालू आलेख) उघडा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ६५५३६ चा एफएफटी (आवाज फ्रिक्वेन्सीत फोडणारं गणित) लावला की एकेक घर पाऊण हर्ट्झचं पडतं, ५० आणि १०० लांब लांब दिसतील. स्पीकरवरनं घ्यायचं तर सिरीजमध्ये २२ किलो-ओमचा रेझिस्टर, खाली १ किलो-ओमचा आणि त्या १ किलो-ओमवरनं कार्डात, म्हणजे २० व्होल्टचे एक व्होल्टच्या आत येतात. विंडोजमधलं ऑडिओ एन्हान्समेंट आधी बंद करा, नाहीतर तेच हमिंग गिळून टाकेल आणि तुम्ही म्हणाल ॲम्प सुधारला. आणि ब्रिज केलेला किंवा क्लास डीचा ॲम्प असेल तर स्पीकरची मायनस वायर लॅपटॉपच्या ग्राउंडला लावू नका, तिथं दोन्ही वायरी जिवंत असतात, मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.
टायनीएसए विकू नका मात्र. टीपीए३११६ या क्लास डी ॲम्प चिपचे बोर्ड येत असतील तर त्यांचं ४०० किलोहर्ट्झचं स्विचिंग त्यावर झकास दिसतं, वायरचे दोन-तीन वेढे करून बोर्डाजवळ धरायचे, चिकटवायचं काही नाही.

जवारी, मिरज
विषय थोडा सोडून, पण आम्ही याच सेटअपवर माइक लावून तंबोरा बघतो. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) एकामागून एक उभे राहतात. वडील म्हणतात कानाला कळतंय तर लॅपटॉप कशाला, आणि त्यांचा दोरा पहिल्याच वेळी बरोबर बसतो हेही खरं.

वायरीत_गुंता, सांगली
केलं! आधी ५० ला मोठं टोक होतं, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतला तर ते एकदम खाली. राहिलं १००, २००, ३००.

जुना_रेडिओ, मिरज
५० वालं तुमच्या जोडणीचं होतं, ग्राउंड लूप, म्हणजे ॲम्प आणि चार्जर दोन्हीकडनं ग्राउंड जुळून झालेला फेरा. १०० म्हणजे ब्रिज रेक्टिफायरचा रिपल, डीसीवर उरलेली लहर. फिल्टर कंडेन्सर बघा.

वायरीत_गुंता, सांगली
१०००० मायक्रोफॅरडचे दोन होते, एकाचं डोकं फुगलेलं, आधी वाकून बघितलं असतं तर एवढा उपद्व्याप नको होता. दोन्ही बदलले, १०० जवळपास तळाला गेलं. बारीक ५० अजून आहे, पण इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरला घासूनच गेलीय, ती उद्या बाजूनं फिरवतो. मंडळाची पोरं सकाळपासून दोनदा येऊन गेली, त्यांना फक्त "झाला का" एवढंच माहिती.