मॉरिशस म्हणे ‘छोटा भारत’!

खारवी
दोन दिवसांत एकच पोस्ट तीन ग्रुपांवर आली. वर तिथल्या गंगा तलावाचा, हिंदूंच्या तीर्थाचा फोटो, खाली मजकूर: मॉरिशस हा हिंदूबहुल छोटा भारत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी, कुणाचं कुणाशी भांडण नाही, सगळे आपलेच लोक. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

हिंदूबहुल? 2011 च्या जनगणनेत हिंदू 48.5 टक्के होते. सर्वांत मोठा गट, पण निम्म्याहून कमी. कॅथलिक 26 टक्के, मुस्लिम 17. आणि घरात बोलतात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. भोजपुरी 2000 साली 12 टक्के लोकांच्या घरी होती, ती अकरा वर्षांत पाचावर आली.

भांडण नाही? 1967 च्या निवडणुकीत जवळपास 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली, कारण हिंदू राज्याची भीती. पुढच्याच जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत क्रेओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) आणि मुस्लिम यांच्यात दंगल पेटली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. 1999 ला काया हा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला, देश काही दिवस जळत होता. एवढं सगळं झालेल्या देशाला ‘आपलेच लोक’ म्हणून मोकळं व्हायचं?

ठाणेकर जुना
काय हो खारवी, कुणी चार चांगले शब्द बोललं की तुम्ही दंगली उकरता. माझा मेव्हणा काही वर्षं तिथल्या कात्र बोर्न गावी होता. शेजारी मुस्लिम, समोर चिनी दुकानदार, ईदची बिर्याणी यांच्याकडे, गणपतीचे मोदक त्यांच्याकडे. ठाणे शहरापेक्षा कमी माणसं त्या देशात, तरी तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, ईद, नाताळ, सगळ्यांना सुट्टी. कॅथलिकांच्या दोन सणांपैकी एका वर्षी 15 ऑगस्ट, पुढच्या वर्षी 1 नोव्हेंबर. 1 फेब्रुवारी गुलामी संपली म्हणून, 2 नोव्हेंबर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर आले म्हणून. अजून काय करायचं त्यांनी?

खारवी
मोदक पोचले, आनंद आहे. पण तुम्ही सांगितलंत ती वाटणी आहे, ठाणेकर. आणि वाटणी तिथेच लागते जिथे एकमेकांवर भरवसा कमी. त्यांची ‘बेस्ट लूजर’ पद्धत बघा. 62 खासदार निवडून येतात, वर आठपर्यंत जागा पडलेल्या उमेदवारांना, समाजांचा तोल सांभाळायला. राज्यघटनेत गट चार: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या गोऱ्या साखरमालकांचे वंशज एकाच खोक्यात! आणि हिशेब अजून 1972 च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद केलं.

तिरकस
घ्या, हेच मी जातनिहाय जनगणनेच्या धाग्यावर कंठशोष करून सांगत होतो. मोजूच नका! मॉरिशसने मोजणं थांबवलं आणि शहाणपणा केला. आपल्याकडे मात्र…

खारवी
तिरकस, तुमची गाडी दर धाग्यावर तिथेच. मोजणं थांबलं म्हणून गट गेले का? उमेदवाराला समाज जाहीर करावा लागायचाच. काही जणांनी नकार दिला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं, तेव्हा 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. आकडा शिळा झाला, भिंत तशीच.

मोकावाली
नमस्कार. मी मॉरिशसची आहे, मराठी महात्मा गांधी संस्थेत शिकले, चुका सांभाळून घ्या. आमचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे ऊसतोडीला आले. आम्ही घरी क्रेओल बोलतो, गणपतीत झाकडी (तुमची जाखडी) नाचतो. जनगणनेत धर्माच्या रकान्यात आमच्यातले पुष्कळ जण ‘मराठी’ लिहितात, तमिळ लोक ‘तमिळ’. भारतातले पाहुणे यावर हसतात. पण आमच्या राजकारणात ‘हिंदू’ म्हटलं की बिहारकडून आलेल्यांचे वंशज. वेगळं लिहिलं नाही तर आम्ही त्यांच्यात विरघळतो. 1998 मध्ये नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली, तर एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या.

डोंबिवलीची आजी
अगं मोकावाली, किती छान लिहितेस! तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवतात म्हणे. इथे माझ्या नातवाला ‘एकोणसत्तर’ सांगितलं तर सिक्स्टी नाइन का म्हणून विचारतो. सुनेला बोलायची सोय नाही. शाळेत मराठी बोललं तर बाईंनी वहीत शेरा दिला होता, महाराष्ट्रात! मॉरिशसकडून शिका म्हणावं.

तिरकस
+१ आजी. शाळांना टाळे ठोका.

मोकावाली
आजी, आमच्याकडे ते चित्र इतकं गोड नाही. प्राथमिक शाळेत त्या तासाला वर्ग फुटतो. कुणी हिंदीला, कुणी उर्दूला, कुणी तमिळला, आम्ही मराठीला. पूर्वज पाहून मुलं वेगळ्या खोल्यांत जातात. क्रेओल, जी सगळ्यांची, ती शाळेत विषय म्हणून 2012 ला आली, तीही याच यादीतला एक पर्याय म्हणून. मराठी घेतली की क्रेओल सुटते.

निवृत्त हेडमास्तर
बरंच झालं की. मोडक्या फ्रेंचचा तास कशाला? मुलाला संस्कार मराठीतूनच मिळणार.

मोकावाली
सर, मालवणीला कुणी मोडकी मराठी म्हटलं तर तुम्ही गप्प बसाल? माझी आई मला क्रेओलमध्ये रागावते, क्रेओलमध्येच आरतीला बोलावते. संस्कार कोणत्या भाषेत झाले ते मला माहीत आहे. तुम्हाला आमच्याकडून फक्त झाकडीचे व्हिडिओ हवेत.

निवृत्त हेडमास्तर
भाषा जपा. वडीलधाऱ्यांशी बोलता आहात. एप्रिल 2023 मध्ये फडणवीस तुमच्याकडे महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, ते परक्यांकडे आले होते काय?

खारवी
सर, ती जे सांगते आहे ते ऐकायचं सोडून तुम्ही पुतळा आणलात. धन्य.

ठाणेकर जुना
बरं बरं, ‘छोटा भारत’ मागे घेतो, खारवींचं रक्त कमी आटेल. पण एक सांगा, तुम्ही म्हणता तितकी भिंत असती तर 2003 ला पॉल बेरांजे पंतप्रधान कसे झाले? फ्रेंच वंशाचा माणूस, हिंदू नाही.

खारवी
आधीचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ, त्यांच्याशी आधीच ठरलं होतं, तीन वर्षं तुम्ही, उरलेली मी. स्वातंत्र्यापासून तो एकच बिगरहिंदू पंतप्रधान. तरी मान्य, झाला. श्रीलंकेत एवढंही झालं नाही. खूश?

ठाणेकर जुना
खूप. मेव्हण्याला कळवतो.

मोकावाली
एवढ्या प्रतिसादांत रॉड्रिग्ज बेटाचं नाव कुणीच घेतलं नाही. तेही आमच्याच देशात. जवळपास सगळे क्रेओल, कॅथलिक, 2002 पासून त्यांची स्वतःची विधानसभा आहे. 1967 ला त्यांनी तर स्वातंत्र्याविरुद्ध भरभरून मतं दिली होती. त्यांच्याबद्दल कुणी धागा काढणार असेल तर मी लिहीन. हेडमास्तर सरांनी मात्र आधी क्रेओलची माफी मागावी.

निवृत्त हेडमास्तर
मागणार नाही. धागा काढा, वाचेन.