मदत हवी आहे : फणसाच्या ताज्या फळ्या पावसाआधी कशा वाळवू?

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळच्या आमच्या घराच्या मागे आजोबांनी लावलेला फणस होता. गेल्या पावसात मुळाशी जमीन खचली आणि झाड घरावर कललं. अजून एक पावसाळा थांबणं धोक्याचं होतं. फणस तोडायला कायद्याने परवानगी लागते, ती घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोडला. झाडावर होते तेवढ्या फणसांची भाजी वाडीभर झाली. आई त्या दिवशी मागीलदारी गेलीच नाही.

ओंडका ९ फूट लांब, घेर ६ फूट. गिरणीत चिरून एक इंची १० आणि दोन इंची ४ फळ्या मिळाल्या. आतला गाभा हळदीसारखा पिवळाधमक आहे. दोन इंचीचा आईसाठी पडवीत झोपाळा करायचा आहे, एक इंचीचं देवघर आणि उरलं तर पाट.

चूक माझीच झाली. फळ्या गिरणीतून आणल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या, भर उन्हात. लवकर सुकतील असं वाटलं. आठ दिवसांत सगळ्यांच्या टोकांना चार-पाच इंच चिरा गेल्या. मधोमध गर (खोडाच्या केंद्राचा मऊ भाग) असलेल्या एका दोन इंची फळीला तर दीड फूट तडा गेलाय. एक फळी पन्हळीसारखी वळलीय, आणि दोन फळ्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागातून बारीक पिठासारखा भुसा पडतोय.

सल्ले तीन मिळाले. सुतार म्हणतात, आत्ताच करून घ्या, ओलं लाकूड रंध्याला मऊ लागतं, वर पॉलिश मारलं की झालं. गिरणीवाले म्हणाले खाडीत बुडवून ठेवा. काका म्हणतात चुलीवरच्या माळ्यावर टाका आणि दोन वर्षं विसरा.

पहिला सल्ला मला नकोच आहे. काही वर्षांपूर्वी ऐनाच्या ओल्या लाकडाचा मागचा दरवाजा घाईने करून घेतला होता. पावसात तो लागत नाही आणि उन्हाळ्यात दोन फळ्यांमधून बोट जातं. हे लाकूड परत मिळणार नाही, म्हणून विचारतेय. पावसाला जेमतेम तीन आठवडे आहेत. आज काय करू, पावसात काय करू, आणि लाकूड तयार झालं हे कसं ओळखू?

प्रतिसाद

ताई, हे वाचून होताच फळ्या सावलीत घ्या. बाकीचं उद्या.

टोकांना चिरा जातात कारण लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या असतात. बाजूंपेक्षा टोकातून पाणी कितीतरी पटीने लवकर उडतं. टोक आक्रसतं, मधला भाग अजून फुगलेलाच, मग फाटणारच. चीर जिथे संपते त्याच्या पुढे बोटभर घेऊन टोक कापा आणि ताज्या कापावर लगेच ऑइल पेंटचे दोन जाड हात द्या. वितळवलेलं मेणही चालेल. चीर तशीच ठेवून रंग लावलात तर ती पुढे सरकत राहील. फक्त टोकं रंगवा, अंगाला काही लावू नका.

मग थर. पडवीत किंवा रिकाम्या गोठ्यात, जिथे वारा आरपार जातो तिथे. खाली जांभा दगडाचे चिरे मांडून जमिनीपासून दीड फूट उंची घ्या. प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर एक इंची रिपा (लाकडी पट्ट्या), सगळ्या एकाच जाडीच्या आणि वाळलेल्या. ओल्या रिपेचा डाग लाकडात उतरतो. खालची रीप आणि वरची रीप एकाच ओळंब्यात यायला हवी, नाहीतर फळीला बाक येतो. टोकाशी रीप हवीच. सगळ्यात वर जांभ्याचे चिरे वजनाला ठेवा. वळलेली फळी सगळ्यात खाली घाला, वरच्या भाराने थोडी तरी बसेल.

गर असलेली फळी वाचवायच्या नादात पडू नका. फळी गराला वेढणाऱ्या दिशेने जेवढी आक्रसते त्याच्या साधारण निम्मीच गराकडे आक्रसते, त्यामुळे गर मध्ये ठेवून वाळवली की फुटतेच. गराच्या रेषेवर चिरून दोन अरुंद फळ्या करा.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. खाडीबद्दल सांगतो. गोड्या, वाहत्या पाण्यात ओंडके बुडवायची रीत जुनी आणि चांगली आहे. लाकडातली साखर-पिष्ट निघून जातं आणि भुंग्याला खायला उरत नाही. पण खाऱ्या पाण्यातलं मीठ लाकडात राहतं, पावसाळ्यात ओल ओढतं, आणि झोपाळ्याच्या कड्या-बोल्ट गंजवतं. देवघर-झोपाळ्यासाठी नको.

भुसा पडतोय तो पांढऱ्या भागातून. फणसाच्या गाभ्याला कीड-वाळवी सहसा शिवत नाही, पांढरा भाग मात्र त्यांचं खाद्य. परवडत असेल तर पांढरी कड कापूनच टाका. रुंदी हवीच असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने भरपूर पाजा, आठवडाभर प्लास्टिकने झाकून मुरू द्या, मग थर लावा. हे औषध ओल्या लाकडातच आत उतरतं, म्हणून आत्ताच करा. पावसाच्या पाण्याने ते धुऊन जातं, घरातल्या वस्तूला हरकत नाही. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. पाटांच्या फळ्यांना लावू नका, त्यांची पांढरी कड कापाच.

माळ्याचं म्हणाल तर काका चुकीचे नाहीत, पण इतक्या ओल्या फळ्या आत्ता चुलीवर नकोत. दिवाळीनंतर एक इंची वर चढवा.

प्रतिसाद

पावसाळ्यात वाळणं जवळजवळ थांबेल, घाबरू नका. वारा सुटता ठेवा. झड येते त्या बाजूला ताडपत्री लावा पण थर गुंडाळू नका, बुरशी धरेल. खरं वाळवण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एक इंची तेव्हा होईल, दोन इंचीला पुढचा उन्हाळाही द्या.

ओळखायचं वजनावरून. फळीच्या टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापून लगेच तोला. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. कोकणात घरातल्या वस्तूला १२ ते १४ टक्के आलं की काम सुरू करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर तेच केलं. टोकं कापली, रंगवली, गराची फळी चिरून घेतली. बोरॅक्सचा हात फक्त दोन फळ्यांना दिला, त्या झाकून ठेवल्यात. बाकीचा थर गोठ्यात लागला, वर २० चिरे.

तुकडाही तोलला. ओला ४१२ ग्रॅम, कोरडा २६८. म्हणजे जवळजवळ ५४ टक्के! सुताराचं ऐकलं असतं तर काय झालं असतं ते आकड्यातच दिसलं. दर महिन्याला एक तुकडा तोलून इथे लिहीन.

आता एकच राहिलं. गराची फळी चिरल्यावर दोन तुकडे सात-सात इंचांचे झाले. झोपाळ्याला ते शेजारी घ्यायचे तर सांधा चिकटवून घट्ट करू, की मध्ये दोन सूत (पाव इंच) फट ठेवून खाली आडव्या पट्ट्या देऊ? आई त्यावर रोज बसणार आहे आणि पडवीत पावसाची हवा थेट येते.

प्रतिसाद

फट ठेवा. पट्ट्यांना भोकं थोडी लांबट पाडून बोल्ट टाका, म्हणजे पावसात फुगायला आणि उन्हाळ्यात आक्रसायला जागा राहते. चिकटवलेला सांधा त्या पडवीत टिकेलच असं नाही.