शब्दचर्चा : ‘इंटेलिजंट डिझाइन’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दखूळ :
एका दिवाळी अंकासाठी डोव्हर खटल्यावर लेख लिहिते आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळानं २००४ च्या अखेरीस ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनची थिअरी ही थिअरीच आहे, वस्तुस्थिती नव्हे, तिच्यात फटी आहेत आणि इंटेलिजंट डिझाइन (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं रचले, हे मत) हे सजीवांच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे, असा त्याचा मथितार्थ. अकरा पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला : हे विज्ञान नाही, धर्ममत आहे, सरकारी शाळेत चालणार नाही.

माझी अडचण शब्दांची. संपादकांनी ‘इंटेलिजंट डिझाइन’खाली लाल रेघ मारून ‘मराठी शब्द द्या’ असं लिहिलंय. मी ‘बुद्धिमान रचना’ केलं, पण ते दाताखाली खड्यासारखं येतंय. आणि ‘थिअरीच आहे’ हे तर मराठीत उतरेचना.

टीपकागद :
खडाच आहे तो. ‘बुद्धिमान रचना’ म्हणजे रचनाच बुद्धिमान! ताई, बुद्धिमान मुलगी असते, फार तर मांजर असते. घड्याळ बुद्धिमान नसतं, घड्याळजी असतो. इंग्रज धर्मपंडित विल्यम पेलीनं १८०२ साली हाच तर दाखला दिला होता : माळरानावर घड्याळ सापडलं तर ते घडवणारा कुणीतरी असणारच. इंग्रजीत विशेषण कर्त्यावरून उडी मारून वस्तूवर बसतं आणि खपून जातं. मराठीत ते खपत नाही. ‘बुद्धिपूर्वक रचना’ म्हणा. शब्द जुनाच आहे. वैशेषिक सूत्रांत ‘बुद्धिपूर्वा वाक्यकृतिर्वेदे’ असं आलंय, म्हणजे वेदातली वाक्यरचना समजून-उमजून केलेली आहे.

कोरडवाहू :
बुद्धिपूर्वक म्हणजे मुद्दाम ना? आमच्याकडं ‘त्यानं बुद्ध्याच बांध कोरला’ असं म्हणतात. त्यात वाईट वास येतो.

टीपकागद :
‘बुद्ध्याच’ला येतो, ‘बुद्धिपुरस्सर’लाही येतो, आणि ‘हेतुपुरस्सर’ म्हटलं की थेट पोलीस ठाणं आठवतं. ‘बुद्धिपूर्वक’ त्यातल्या त्यात स्वच्छ राहिलाय.

सांडवा :
मी पाटबंधारे खात्यातला. आमच्याकडे डिझाइनला ‘संकल्पचित्र’ म्हणतात. नाशिकला चक्क मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. उभी हयात हा शब्द फायलींवर लिहिला, पण धरणाच्या जागेवर कुणी तो उच्चारल्याचं आठवत नाही, तिथं सगळे ‘डिझाइन आलं का?’ असंच विचारायचे. हिंदीवाले ‘अभिकल्प’ म्हणतात. तोही घेऊ नका, लेख टेंडरसारखा वाटेल.

टीपकागद :
‘रचना’च ठेवा, सांडवा. त्याला एक फार जुनं कारण आहे. ब्रह्मसूत्रांत सांख्यांच्या खंडनाची सुरुवातच ‘रचनानुपपत्तेश्च नानुमानम्’ (२.२.१) अशी होते. अचेतन प्रधानापासून, म्हणजे सांख्यांच्या जड मूळ प्रकृतीपासून, जग झालं असं म्हटलं तर जगातल्या रचनेची उपपत्ती लागत नाही. भाष्यात शंकराचार्य दाखले देतात घराचे, वाड्याचे, शय्येचे, आसनाचे. या गोष्टी ‘प्रज्ञावद्भिः शिल्पिभिः’, म्हणजे शहाण्या कारागिरांनीच केलेल्या दिसतात. पेलीचं घड्याळ आणि ही शय्या एकाच सुताराकडची. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, तर अनुमानच बांधलं : ‘क्षित्यादिकं सकर्तृकं कार्यत्वात् घटवत्.’ पृथ्वी वगैरे कार्य आहे, म्हणून तिला कर्ता आहे, मडक्यासारखा. तेव्हा माझं दुसरं सुचवणं ‘सकर्तृकवाद’. कर्ता आहे एवढंच म्हणायचं, कोण ते सांगायचं नाही. इंटेलिजंट डिझाइनवाले नेमकं हेच करतात.

मास्तर६२ :
टीपकागद, तुमची विद्वत्ता मान्य, पण आता कुणीतरी ‘बघा, हे आपल्याकडे आधीच होतं’ म्हणत येईल, त्याच्याआधी मी येतो. नैयायिक तो कर्ता ईश्वर आहे हे उघड सांगत होते आणि त्यासाठी बौद्ध-मीमांसकांचा मार खात होते. डोव्हरवाल्यांनी नाव झाकलं ते तर्कासाठी नव्हे, कोर्टासाठी. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लुइझियाना राज्याचा ‘निर्मिती-विज्ञान’ (देवानं सृष्टी निर्माण केली हे विज्ञान म्हणून) शिकवण्याचा कायदा रद्द केला. तेव्हा ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ नावाचं पाठ्यपुस्तक लिहिलं जात होतं, पुढं डोव्हरच्या मुलांना सुचवलं तेच. १९८७ च्या त्या निकालानंतर खर्ड्यातला ‘क्रिएशनिस्ट्स’ हा शब्द काढून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घातला गेला. एका ठिकाणी जुना शब्द पुरता खोडला गेला नाही आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असं धेडगुजरं राहून गेलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते खर्डे कोर्टात मांडले. आम्ही शिक्षक मुलांना दोन जातींमधला दुवा दाखवायला जीवाश्म शोधत असतो, इथं तो टाइप केलेलाच सापडला.

शब्दखूळ :
मास्तर, हे तर लेखात हवंच! पण मराठीत कसं करू? ‘निर्मितीवादी’ खोडून ‘रचनासमर्थक’ घातलं आणि दोन्ही टोकं राहिली तर… निरचनासमर्थकवादी?

टीपकागद :
‘निरचना’! मूळ चुकीपेक्षा सरस. हसून हसून चहा सांडला.

मास्तर६२ :
आता थिअरीचं. मराठीत हा वाद ‘सिद्धांत’ शब्दानं लढता येत नाही. सिद्ध + अंत, म्हणजे वाद संपवून ठरलेली गोष्ट. ‘हा नुसता सिद्धांत आहे’ असं कुणी म्हणत नाही, ते ‘नुसतं सिद्ध झालंय’ म्हटल्यासारखं होईल. आमच्या शालेय वयात पायथागोरसचाही सिद्धांतच होता, ‘प्रमेय’ नंतर आलं. म्हणून मराठी माणसाला डार्विनवर शंका घ्यायची झाली की तो गुपचूप ‘थिअरी’वर येतो. ‘थिअरीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास’ मधली थिअरी. तीच पोकळ, तोंडची.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना एकत्र पत्रक काढावं लागलं. तेव्हा गल्लीतल्या कट्ट्यावरही मी ‘शेवटी थिअरीच ना ती’ हेच ऐकलं. ‘सिद्धांत’ कुणाच्या तोंडी नव्हता.

निवेदनात ‘थिअरी’च ठेवा. फसवणूक त्या शब्दात आहे, भाषांतरात ती धुऊन निघाली तर वाचकाला खटला कशावरून झाला ते कळायचंच नाही.

टीपकागद :
जुन्या विज्ञानलेखनात ‘उपपत्ती’ भेटते, ती मला जास्त प्रामाणिक वाटते : पाहिलेल्या गोष्टींची संगती लावणारं स्पष्टीकरण. पण मास्तरांचा मुद्दा पटला.

अवांतर : याच डोव्हर खटल्यात शाळा मंडळाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही यांनी कबूल केलं की त्यांच्या व्याख्येनं फलज्योतिषसुद्धा थिअरी ठरेल. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी ती सोय ठेवली नव्हती. त्यांचे तीन स्कंध : सिद्धांत, संहिता, होरा. ग्रहगणित सिद्धांतात, पत्रिका होऱ्यात. कप्पे वेगळे.

हावडाकर :
आणि ‘उत्क्रांती’चं काय करणार? बंगालीत याला ‘विवर्तन’ म्हणतात. मी इथं बंगालात आलो तेव्हा दचकलोच, कारण मला विवर्त म्हणजे दोरीवर भासणारा साप एवढंच ठाऊक! त्यापेक्षा सांख्यांचा ‘परिणाम’, म्हणजे खरोखरचं रूपांतर, जवळचा, पण तो आपण रिझल्टला देऊन टाकला.

टीपकागद :
‘उत्क्रांती’ही धुतल्या तांदळासारखी नाही. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवानं देह सोडून जाणं. ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ असं सूत्रच आहे.

मास्तर६२ :
मला ‘उत्’ नडतो. वर चढणं. पोरांच्या डोक्यात ती रांग बसते, वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत. गुहेतल्या माशाचे डोळे गेले हे सांगितलं की विचारतात, सर, मग ही अवक्रांती का? नाही रे बाबा, हीसुद्धा उत्क्रांतीच. इंग्रजीचीही तीच गत आहे. ‘इव्होल्यूशन’ म्हणजे मुळात गुंडाळी उलगडणं, आत आधीच लिहिलेलं बाहेर येणं. म्हणूनच की काय, डार्विनच्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाहीच, ‘इव्हॉल्व्ड’ हा पुस्तकाचा शेवटचा शब्द तेवढा आहे. तो ‘बदलासह वंशागम’ अशा अर्थाचं बोलायचा.

कोरडवाहू :
मला ‘नैसर्गिक निवड’ हेच पहिल्यापासून पटलं नाही. निवडणारा कोण? आई तांदूळ निवडते तेव्हा डोळे लागतात.

मास्तर६२ :
कोरडवाहू, तुम्ही वॉलेसच्या, म्हणजे डार्विनच्या बरोबरीनं हीच कल्पना मांडणाऱ्याच्या, पंक्तीला बसलात! १८६६ साली त्यानं डार्विनला पत्रातून हेच कळवलं : ‘निवड’ म्हटलं की लोकांना निवडणारा दिसतो. त्यानं तत्त्वज्ञ स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (जो योग्य तो टिकतो) सुचवला, डार्विननं १८६९ च्या आवृत्तीत घेतला आणि आगीतून फुफाट्यात पडला. आपल्याकडे त्याचं थेट ‘बळी तो कान पिळी’ झालं. तिथं फिट म्हणजे पैलवान नव्हे, पायात नीट बसणारी चप्पल.

शब्दखूळ :
मग ‘नैसर्गिक चाळण’? चाळणीला डोळे नसतात, भोकं असतात.

कोरडवाहू :
चाळणीची भोकं कुणीतरी पाडलेली असतात, ताई. उफणणी बघा. खळ्यावर तिवईवर उभं राहून सुपातून माल सोडायचा, वारा भुसा दूर नेतो, दाणा पायाशी पडतो, कोंडा मधे कुठंतरी. वाऱ्याला दाणा कळत नाही, भुसाही कळत नाही. आता तिवईवर माणूस उभा आहे हे खरं, तेवढं दुखणं माझ्याही शब्दाला राहिलं.

सांडवा :
आणि आता मळणीयंत्र आलंय. तुमचा शब्द दहा वर्षांत समजावून सांगावा लागेल.

कोरडवाहू :
ते आहेच.

शब्दखूळ :
मंडळी, ठरलं. ‘बुद्धिपूर्वक रचना’ घेतला, पहिल्या उल्लेखात शेजारी ‘इंटेलिजंट डिझाइन’ एकदा. ‘सकर्तृक’ संपादकांना जड वाटला, पण कर्त्याचं नाव झाकण्याच्या परिच्छेदात मी तो भांडून ठेवला. निवेदनातली थिअरी थिअरीच. ‘निवड’ रुळलेली आहे, तिला हात लावत नाही, पण उफणणीचा परिच्छेद त्याच पानावर येतोय, कोरडवाहू, तिवईवरच्या माणसासकट.

‘निरचनासमर्थकवादी’ मात्र मुद्रितशोधकांनी आज ‘रचनासमर्थक’ असा दुरुस्त करून परत पाठवला. समासात ‘चूक मुद्दाम आहे, राहू द्या’ असं लिहून पुन्हा धाडते आहे. ‘मुद्दाम’ खोडून ‘बुद्ध्याच’ लिहू का?