जिममध्ये अनोळखी माणसाला ‘चुकतंय’ म्हणून सांगावं का? (अनुभव धागा)

चौथा सेट

जानेवारी लागला, जिममध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि जुना वाद पुन्हा आठवला. शेजारचा पोरगा पाठीला पोक काढून डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलणं) मारतोय, आपल्याला दिसतंय, बोलायचं का? तालमीत हा प्रश्नच नव्हता. वस्ताद असायचा, तो नसला तर थोरला पैलवान, आणि चुकलं की ओरडा ठरलेला. इथे सगळेच पैसे भरून आलेले. कोण कुणाचा वस्ताद?

माझ्या मते शंभरातल्या नव्वद चुका सोडून द्याव्यात. उरलेल्या दहा कोणत्या आणि तिथे नेमकं काय बोलायचं, ते लिहा. ‘मला एकदा एक जण म्हणाला’ छापाच्या गोष्टी नकोत, कामाचं लिहा.

सुरुवात डेडलिफ्टने. नव्या माणसाची पाठ वाकते त्याचं निम्मं कारण प्लेटमध्ये असतं. ऑलिंपिक मापाच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर. नवा माणूस ५-५ च्या छोट्या प्लेट लावतो, रॉड घोट्याच्या जरासा वर येतो. तिथपर्यंत पाठ सरळ ठेवून पोचणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याला ‘पाठ सरळ ठेव’ सांगून उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लेट आडव्या टाकून त्यांवर रॉड ठेवला की पाठ आपोआप ताळ्यावर येते. ‘भाऊ, रॉड जरा उंचावर घे, सोपं जाईल.’ बास. चूक काढली असं वाटतही नाही.

अर्धारेप

होळीपर्यंत गर्दी ओसरते. तोवर कानात गाणी, नजर आरशात. माझा सल्ला संपला.

फिजिओताई

आधी हे बघा की जे चूक वाटतंय ते खरंच चूक आहे का. ‘गुडघा अंगठ्याच्या पुढे जाऊ देऊ नका’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं आणि सरसकट खरं नाही. मांडीचं हाड लांब असेल त्याचा गुडघा स्क्वॅटमध्ये पुढे जाणारच. जबरदस्तीने मागे धरला तर माणूस पुढे झुकतो आणि भार कमरेवर येतो. टाच उचलली जात असेल तर ते बघण्यासारखं. टाचांखाली अडीचच्या दोन प्लेट सरकवल्या की लगेच फरक दिसतो.

सुमो म्हणजे पाय फाकवून डेडलिफ्ट, बेंचवर आडवं पडून रॉड ढकलताना पाठीची मोठी कमान, मुद्दाम मारलेले अर्धे रेप (अर्ध्यातूनच परत फिरवलेल्या उचली), टाचांखाली फळी घेऊन स्क्वॅट, बॉक्सवर बसून स्क्वॅट. हे सगळं लोक जाणूनबुजून करतात. बॉक्सवाला तर बऱ्याचदा आमच्यासारख्यांनी पाठवलेला पेशंट असतो. त्याला ‘अजून खाली जा’ म्हणू नका हो, हात जोडते.

लाल माती

@फिजिओताई बैठकांचं पण सांगा ना या लोकांना. तालमीतल्या बैठकेत खाली जाताना टाच उचलते, गुडघा पुढे जातो, वजन चवड्यावर. ती रीतच तशी आहे, अंगावरच्या वजनावर शेकड्यांनी मारायची म्हणून. पैलवान जिममध्ये वॉर्मअपला बैठका मारायला लागला की कोणीतरी सहा महिन्यांचा जुना मेंबर येतोच स्क्वॅट शिकवायला. पाठीवर शंभर किलोचा रॉड घेऊन तशी बैठक मारली तर गोष्ट वेगळी.

जोर मारताना मात्र वर येताना कंबर लोंबते ती चूकच. कमरेत उसण भरते. तिथे सांगा.

चौथा सेट

@अर्धारेप नावाला जागलास रे बाबा.

खांदेपालट

बेंचवर येऊ द्या विषय. डेडलिफ्टमध्ये रॉड हातातून सुटला तर जमिनीवर पडतो. बेंचमध्ये गळ्यावर. त्यामुळे तिथे भिडेखातर गप्प बसू नये, पण बोलायचं ते फॉर्मवर नाही.

पहिली गोष्ट अंगठा. चार बोटांच्याच बाजूला अंगठा ठेवून बिनकुलपाची पकड घेतात बरेच जण, मनगटाला बरं वाटतं म्हणून. रॉड निसटला की अडवायला काही नाही. सेट सुरू व्हायच्या आधी ‘अंगठा खालून घ्या’, तीन शब्द.

दुसरी गोष्ट लॉक. एकटा माणूस, स्पॉटर (अडकलं तर रॉड धरायला उभा राहणारा) नाही, रॉड अडवायला आडव्या सळ्या नाहीत आणि दोन्हीकडे प्लेटना लॉक लावलेले. अडकला तर रॉड एका बाजूला कलवून प्लेट पाडायची सोयही उरत नाही. लॉक काढून ठेवले तर निदान ती वाट असते. पण एका बाजूच्या प्लेट घसरल्या की दुसरी बाजू धाडकन आपटते आणि शेजाऱ्याची नडगी जाते, म्हणून हा उपाय नाईलाजाचा. खरा उपाय बेंच रॅकमध्ये, म्हणजे सळ्या लावता येतात त्या चौकटीत ओढणं. सळ्या अशा उंचीवर लावायच्या की छाती फुगवलेली असताना रॉड छातीला टेकेल आणि छाती सोडली की सळ्यांवर. रिकाम्या रॉडवर एकदा तपासून घ्यायचं.

तिसरी गोष्ट, जी कोणी बघतच नाही: प्लेट उतरवणं. एका बाजूच्या सगळ्या काढल्या, दुसऱ्या बाजूच्या तशाच. जुन्या बेंचचे खांब अरुंद असतात, तिथे वीसच्या एका प्लेटने रॉड उलटू शकतो. गप्पा मारत एकाच बाजूने काढणारा दिसला तर बोलायची वाटही बघू नका, सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन एक प्लेट काढा. मदतही झाली, शिकवणंही टळलं.

ओवी

मुद्द्याचं बोलू का? जिममध्ये सल्ले कुणाला मिळतात हे मोजा एकदा. शंभर किलोवर कंबर हलवणाऱ्या दादाला नाही, पाच किलोचं डंबेल नीट उचलणाऱ्या बाईला. त्यामुळे पुरुषांसाठी सोपी चाळणी: हीच चूक ९० किलोचा दाढीवाला करत असता तर बोलला असतात का? नसाल तर पुढे चला.

आणि बोललातच तर सेट चालू असताना नाही. वजन अंगावर असताना मागून आवाज आला की माणूस मान वळवतो, आणि त्या क्षणी खरी इजा होते. रॉड रॅकवर जाऊ द्या, समोरून या, हेडफोन काढायची वाट बघा. आधी ‘काही सांगितलं तर चालेल का’, नाही म्हणाली तर ‘बरं’. हात लावून दाखवायचं नाही. कोपर, कंबर, काही नाही. स्वतः उभं राहून करून दाखवा.

वरणभात

ओवी +१. छापून लावा लॉकररूमात.

अवांतर विचारतो, अनवाणी डेडलिफ्ट करू देतात का तुमच्याकडे? आमच्याकडे बोर्ड आहे बूट सक्तीचा.

खांदेपालट

@वरणभात पळायचे बूट नकोत, त्यांचा मऊ सोल वजनाखाली दबतो आणि घोटा डुलतो. सपाट कॅनव्हासचे स्वस्तातले घ्या. शाळेत पीटीला घालायचो तसले.

गोळ्यावाले काका

आमच्या वयाच्या लोकांना एकच गोष्ट सांगत जा, दम कोंडू नका. लेगप्रेसवर (पायांनी वजन ढकलायचं मशिन) दात-ओठ खाऊन जोर लावतात, चेहरा लालबुंद. १९८५ मध्ये बॉडीबिल्डरांच्या थेट धमनीत नळी घालून बीपीची मोजणी झाली होती, लेगप्रेसच्या जोरात सरासरी वरचा आकडा ३०० च्या पुढे गेला होता. ती तरणी पोरं होती. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्याने ढकलताना श्वास सोडायचा, आणि सेटला जेमतेम दम लागेल एवढंच वजन. ‘काका, श्वास सोडा’ म्हटल्याचा राग कोणाला येत नाही.

फिजिओताई

काका शंभर टक्के. लेगप्रेसचीच अजून एक: पाय छातीकडे फार खाली आणले की ढुंगण गादीवरून उचलतं आणि कंबर गोल होते. सगळा भार तिथे. गादीला कंबर चिकटलेली राहील तेवढंच खाली यायचं. आणि वर जाऊन गुडघे खाडकन ताठ करून लॉक करायचे नाहीत. हे दोन्ही एका वाक्यात बसतं, ‘थोडं कमी खाली आणि थोडं कमी वर’.

जानेवारीवाल्यांसाठी एक धोका फॉर्मच्या बाहेरचा आहे. पहिल्याच दिवशी ट्रेनरने किंवा मित्राने दोनशे स्क्वॅट मारून घेतले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या टणक सुजल्या आणि लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, तर ‘नवीन आहे, दुखणारच’ म्हणून घरी बसवू नका. स्नायू तुटून त्यांतलं द्रव्य किडनीवर जातं. त्याच दिवशी हॉस्पिटल.

अर्धारेप

बाप रे. आता लेग डे कायमचा रद्द.

लाल माती

तुझा कधी होता?

एक्स्ट्रा पाव

ट्रेनर काय करतो मग तिथे? पैसे कशाचे घेतात? फ्लोअरवाला मोबाईलमध्ये, पीटीवाला (पर्सनल ट्रेनर) क्लायंटला रेप मोजून देतो ‘नऊ... नऊ... अजून एक... नऊ’. आधी यांना सुधारा.

चौथा सेट

@एक्स्ट्रा पाव तो वेगळा धागा होईल. पण ट्रेनर शेजारी उभा असेल तर क्लायंटला सांगू नये, ट्रेनरलाही त्याच्यासमोर नाही. नंतर बाजूला घेऊन. चारचौघांत तोंडघशी पडला की तो चूक असूनही तेच रेटणार.

कुळथाची पिठी

माणसाऐवजी मशिनच्या चुका सांगाव्यात, तिथे कोणाचा मान दुखावत नाही.

केबलच्या मशिनची पिन अर्धीच घातलेली असते. दोन रेपनंतर निसटते, वजनं आदळतात, दांडा हलका होऊन थेट हनुवटीवर. वायर तुटत आली असेल तर प्लास्टिकचं आवरण फाटून आतल्या तारेचे केस बाहेर दिसतात, बहुतेक वेळा कप्पीजवळ. अशी दिसली तर वापरणाऱ्याला थांबवाच, आणि काउंटरवर सांगून मशिनला कागद चिकटवून घ्या.

स्मिथ मशिनमध्ये (रॉड उभ्या रुळांत बसवलेला असतो ते) हूक एकाच बाजूचा अडकतो, दुसरा हवेत. सोडायच्या आधी दोन्हीकडे बघा म्हणावं. खालचे स्टॉपर सहसा कोणी लावत नाही, ते लावून द्या.

ट्रेडमिल: पट्टा चालू असताना त्यावर पाय टाकणारे. आधी दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर, मशिन सर्वात कमी वेगावर, मग उतरायचं पट्ट्यावर. आणि ती लाल दोरी शर्टाला लावायची असते, हँडलला गुंडाळून ठेवायची नसते.

वरणभात

ती लाल दोरी शर्टाला लावायची असते???

कुळथाची पिठी

हो. पडलात की ओढली जाऊन मशिन बंद होतं.

जर्सीचा भाऊ

इकडे प्लॅनेट फिटनेसमध्ये वजन आपटलं की ‘लंक अलार्म’ वाजवतात, चक्क सायरन. बऱ्याच ठिकाणी तिथे मोकळा रॉडच नाही, फक्त स्मिथ. सल्ला कोणी कोणाला देत नाही, सगळे हसून पुढे जातात. स्पॉट मागितला तर मात्र लगेच येतात.

खांदेपालट

स्पॉटवरून आठवलं, स्पॉट हीच सल्ला द्यायची सगळ्यात बिनबोभाट जागा. त्याने बोलावलंय, मग अपमानाचा प्रश्न नाही. सेटच्या आधी तीन प्रश्न: किती रेप मारणार, रॉड उचलून देऊ का, आणि हात कधी लावू. उत्तर न आल्यास रॉड वर जायचा थांबून खाली यायला लागला की लावायचा, त्याआधी नाही. बाकी वेळ दोन्ही हात रॉडखाली, चिकटवायचे नाहीत. मध्येच बोटं लावून ‘सगळं तूच, सगळं तूच’ ओरडणारे स्पॉटर निम्मं वजन स्वतः उचलत असतात. त्याला खरा आकडा कळतच नाही आणि पुढच्या आठवड्यात तो पाच किलो वाढवतो.

डंबेल प्रेसला कोपराला आधार देऊ नका. कोपर धरलं तरी हात वरून दुमडतो आणि डंबेल तोंडावर येतं. मनगटाजवळ धरायचं. दोघे दोन बाजूंनी रॉड स्पॉट करत असतील तर एकाच वेळी उचलायचं, नाहीतर रॉड तिरका होऊन एक खांदा जातो.

ओवी

@खांदेपालट हे आवडलं. आणि डेडलिफ्टमध्ये एक हात उलटा धरणाऱ्यांचं?

खांदेपालट

@ओवी उलटा हात कोपरात जरा वाकवून ओढला तर दंडाचा स्नायू कोपराजवळ तुटू शकतो. दोन्ही कोपरं दोरीसारखी सरळ. जड सेट सोडून बाकी सगळे सेट सरळ पकडीने. हे सांगण्यासारखं आहे, कारण बघून पटकन दिसतं आणि एका शब्दात दुरुस्त होतं.

फिजिओताई

बेंचची कमान चीटिंग म्हणणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनने २०२३ पासून नियम आणला, रॉड खाली आल्यावर कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायला हवी. कमानीवर बंदी नाही. डोकं, खांदे आणि ढुंगण मात्र बेंचला टेकलेलं हवं.

एक्स्ट्रा पाव

बायसेप कर्लला झोके घेणाऱ्यांना काय सांगायचं?

लाल माती

काही नाही. रॅक अडवून कर्ल मारत असेल तर ‘किती सेट उरले?’ एवढंच.

वरणभात

शेवटचा प्रश्न, मग भाजी टाकायची आहे. आमच्या रॉडचं वजन कोणी २० सांगतं, कोणी १५, कोणी १०. कसं कळणार?

कुळथाची पिठी

२ मीटर २० सेंमी लांब आणि टोकं फिरणारी असतील तर बहुधा २०. थोडा आखूड आणि पकडायला बारीक असेल तर १५ चा महिलांचा. टोकं न फिरणारा सरळ पाइप असेल तर काहीही असू शकतं. जिमच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग रॉड घेऊन, आणि वजाबाकी करा. रॉड उभा धरून न्या, आडवा घेऊन वळलात तर आरसा जाईल.

अर्धारेप

आरसा गेला तर माझा फॉर्म कोण बघणार