बेन-हर 2016: एवढा पैसा ओतून पिच्चर इतका सपक कसा?

उशिराचा_शो
1959 चा बेन-हर, म्हणजे चार्लटन हेस्टनवाला, संपल्या संपल्या 2016 चा नवा लावला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. जुना साडेतीन तासांचा, नवा दोन तासांचा, ते एक वेळ ठीक आहे, पण नव्यात ज्यूडाचा, म्हणजे बेन-हरचा, संताप माझ्यापर्यंत पोचतच नाही. ज्याने मित्र असून त्याला गुलाम म्हणून धाडलं त्या मेसालाचाही राग येत नाही, दोघंही बिचारे चांगलेच वाटत राहतात, मग दोघांची रथांची शर्यत सुरू झाली तेव्हा कोण जिंकतंय याच्याशी मला काही घेणंदेणंच उरलं नाही. सगळे ग्राफिक्सला शिव्या घालतात, पण घोळ तिथे आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला नक्की काय खटकलं?

तळमजला
घोळ अ‍ॅरियसपाशी आहे, म्हणजे तो रोमन आरमाराचा सेनापती. जुन्यात बघा, गलबतावर वल्ही मारणाऱ्या गुलामांवर तो ढोलाचा ठेका वाढवत नेतो, लढाईच्या आधी बाकीच्यांना साखळ्या घालतात पण ज्यूडाला मोकळा ठेवायचा हुकूम देतो. मग ज्यूडाच त्याला समुद्रातून वाचवतो, तो याला दत्तक घेतो, रोममध्ये मानमरातब, नाव, रथ हाकण्यात नंबर एक, सगळं मिळतं. आणि तरीही हा माणूस ते सोडून घरी परत येतो!! सुडाचं वजन तिथे कळतं. नव्यात अ‍ॅरियस जेमतेम दिसतो न दिसतो, गलबत फुटतं, ज्यूडा वाहत किनाऱ्याला लागतो आणि समोर शेख इल्देरिम म्हणून मॉर्गन फ्रीमन हजर, की लगेच शर्यतीची तयारी. मधली सगळी रोमच उडवली राव.
(गलबताचा सीन मात्र नव्यातला भारी आहे हां, तळातल्या अंधारातून फटींमधून दिसेल तेवढीच लढाई दाखवलीय, तेवढा एक भाग मी परत बघेन.)

चाकंआणिधूळ
तळमजला +1. शर्यतीबद्दल थोडं. घोडे नव्यातही खरेच पळवलेत, त्यामुळे 'सगळं कॉम्प्युटरवर केलं' हे म्हणणं अर्धवट आहे. फरक एडिटिंगचा आहे, नव्यात शॉट इतके पटापट कापलेत की कुठला रथ कुणाचा, कोण पुढे, काही पत्ता लागत नाही. जुन्यात पांढरे घोडे ज्यूडाचे, काळे मेसालाचे, त्याच्या चाकाला ती दातेरी पाती, एकदा बघितलं की पूर्ण शर्यतभर गोंधळ नाही. शिवाय मिक्लोश रोझाचं संगीत आधीच्या संचलनात दणदणीत वाजतं आणि शर्यत सुरू झाली की बंद, नऊ मिनिटं नुसत्या टापा, चाकं आणि गर्दीचा आवाज. तो मोडलेल्या रथावरून उडी मारतानाचा शॉट आठवतोय ना, त्यात हेस्टनच्या जागी स्टंटमन जो कनट होता आणि तो खरंच पुढे फेकला गेला होता, ते तसंच ठेवून हेस्टन परत वर चढतानाचा क्लोजअप नंतर जोडला.

जुनंतेसोनंनाही
एक मिनिट, 1959 चा पण रीमेकच आहे की. 1925 चा मूकपट होता, आणि 1959 च्याच दिग्दर्शकाने, विल्यम वायलरने, त्या मूकपटाच्या शर्यतीत सहायक म्हणून काम केलं होतं. त्यामुळे 'क्लासिकला हात लावू नये' वगैरे मला पटत नाही. आणि नव्यात मेसालाला जिवंत ठेवलं म्हणून बोंब मारणाऱ्यांनी लू वॉलेसची 1880 ची कादंबरी बघावी, तिच्यातही तो शर्यतीत मरत नाही, जायबंदी होतो.

तळमजला
@जुनंतेसोनंनाही जायबंदी होतो हे खरं, पण कादंबरीत तो सुधारत नाही, उलट ज्यूडाला मारायला माणसं पाठवतो! नव्यात एक पाय गेल्यावर दोन मिनिटांत गळाभेट. नव्यात मेसालाला ज्यूडाचा दत्तक भाऊ केलं तेव्हाच मला शेवट दिसला होता. जुन्यात मरता मरता मेसाला सांगतो की तुझी आई आणि बहीण महारोग्यांच्या दरीत आहेत, म्हणजे ज्यूडा जिंकूनही हरतो, आणि पुढचा सगळा भाग त्यावरच उभा आहे.

उशिराचा_शो
आता पटलं. अजून एक, जुन्यात येशूचा चेहरा एकदाही दिसत नाही, फक्त तो ज्यूडाला पाणी पाजताना अडवायला आलेला तो रोमन सैनिक त्याच्याकडे बघतो आणि गप्प मागे सरकतो. नव्यात रॉड्रिगो सँटोरो चेहरा दाखवून प्रवचनं देतो. मला तो वाईट वाटला नाही, पण त्या सैनिकाच्या चेहऱ्याने जे केलं ते याच्या एवढ्या डायलॉगना जमलं नाही.

चाकंआणिधूळ
साधारण 10 कोटी डॉलर घातले आणि जगभरातून तेवढेही परत आले नाहीत, म्हणजे प्रेक्षकांनाही जमलं नाहीच :)
1925 चा कुणी पूर्ण बघितलाय का? त्यातली शर्यत या दोघांच्या तुलनेत कशी आहे?