तोतरेपणा आणि व्हिज्युअलायझेशन: मनातल्या चित्रात अडखळायचं की नाही?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी फार्मासिस्ट आहे, वय २९, नाशिकला एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते. लहानपणापासून तोतरेपणा आहे. बोबडं नाही बोलत, शब्द अडतो. प, ब, म आले की ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, गळा आवळल्यासारखा होतो आणि मग डोळे मिचकावले जातात, डावा पाय आपटला जातो. लहानपणी वेखंड उगाळून चाटवलं, अक्कलकारा झाला, तोंडात खडे ठेवून वाचायला लावलं. आजीने सगळं मायेनेच केलं पण अडायचं ते अडतंच. आरती सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र एक अक्षर अडत नाही.

ज्यांचं अडतं त्यांना माहीत असेल, आपण शब्द बदलण्यात पटाईत होतो. 'परवा' अडणार असं वाटलं की 'दोन दिवसांनी' म्हणायचं. पण औषधाचं नाव कसं बदलणार? पॅरासिटामॉल, पॅन्टोप्राझोल, प्रेडनिसोलोन, मेटफॉर्मिन, दिवसभर हेच. मग मी बोलायचंच टाळते, स्ट्रिप दाखवते, पाकिटावर लिहून देते. मागच्या महिन्यात एका आजोबांना पॅन्टोप्राझोल दिलं, मागे रांग होती म्हणून तोंडाने काही न सांगता 'सकाळी उपाशीपोटी' असं लिहून दिलं. आठवड्याने आले तर म्हणाले अजून जळजळ होतेच आहे, ते गोळी रात्री जेवून घेत होते, चष्म्याशिवाय त्यांना ते वाचताच आलं नव्हतं. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाहीये.

आता मुद्दा. २२ दिवसांनी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत इंटरव्ह्यू आहे, तिथे पॅनेलसमोर इनहेलर कसा वापरायचा हे पेशंटला सांगतो तसं सांगून दाखवायचंय. मी दोन महिने रोज रात्री लाइट बंद करून, डोळे मिटून व्हिज्युअलायझेशन करतेय की मी काउंटरवर उभी आहे आणि सगळं भराभर बोलतेय, कुठेच अडत नाहीये. त्या वेळी खूप शांत वाटतं. पण दुसऱ्या दिवशी पहिलाच 'प' अडला की ते चित्र फुटतं आणि मग आधीपेक्षा जास्त अडतं, जणू काही मी नापासच झाले. माझं कुठे चुकतंय? कुणाला याचा खरंच उपयोग झालाय का? प्लीज अनुभव सांगा, 'आत्मविश्वास वाढव' एवढंच नको.

प्रतिसाद १

ताई, मी ५४ वर्षांचा, मीपण अडतो, आजही अडतो. तुम्ही डोळ्यासमोर जी बाई आणताय ना ती तुम्ही नाहीच, ती दुसरीच कुणीतरी आहे, म्हणून ती पहिल्या अक्षराला पळून जाते. माझा मुलगा लहान असताना मी त्याच्या शाळेत फोन करायला घाबरायचो, तेव्हा मी चित्रच बदललं. मनात फोन लावायचो, मनातच 'म' वर अडायचो, ओठ कसे दाबले गेलेत ते बघायचो, तिथेच थांबून हळूहळू ते सैल करायचो आणि मग शब्द सोडायचो. समोरची बाई 'हॅलो, हॅलो' करतेय हेपण ऐकायचो. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकन स्पीच थेरपिस्ट होते, ते स्वतः अडखळायचे, अडलेल्या शब्दातून असं सैल होऊन बाहेर पडायची रीत त्यांचीच. जमलं तर द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या स्वमदत गटात एकदा बसून बघा, मला तिथे पहिल्यांदा घाई न करता बोलू दिलं गेलं.

प्रतिसाद २

मी स्पीच थेरपिस्ट आहे. वरच्या दादांशी सहमत. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला हा त्रास असतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत बराच जास्त, त्यामुळे तुला तुझ्यासारखी मुलगी भेटली नसेल तर नवल नाही. यात घाबरटपणा वगैरे काही नसतं, बोलण्याच्या हालचाली जुळवण्यात मेंदूत थोडा फरक असतो, भीती नंतर येऊन चिकटते. व्हिज्युअलायझेशन त्या भीतीवर आणि टाळण्यावर काम करतं, अडणं त्याने पुसलं जात नाही.

खेळाडूंसाठी २००१ मध्ये होम्स आणि कॉलिन्स यांनी पेटलेप नावाची पद्धत मांडली, तिचं सार इतकंच की मनातला सराव खऱ्या प्रसंगासारखा हवा. म्हणून अंथरुणात नको, उभी राहा, एप्रन घाल, इनहेलर हातात घे, आणि खरं सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मनातही लागू दे. पटपट पुढे ढकलायचं नाही. धडधड होऊ दे. अडल्यावर समोरच्याच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही, हे मुद्दाम बघ. आणि रोज एकदा तरी काउंटरवर खरोखर, आपणहून, एखाद्या सोप्या शब्दावर अडून बघ. नुसतं मनात करून भागत नाही. थेरपिस्ट जरूर गाठ, मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, काका तुमचं 'ती दुसरीच कुणीतरी' वाचून रडले.

नऊ दिवस झाले. दुकान उघडायच्या आधी शटर अर्धं वर करून काउंटरमागे उभी राहते आणि मनात सगळं करते, अडण्यासकट. पहिले तीन दिवस घाम फुटला, मनातसुद्धा नजर खाली जायची. काल एका काकूंना म्हटलं, "मी अडते, जरा थांबाल?" आणि पॅन्टोप्राझोल पूर्ण म्हटलं, चांगलं पाच-सहा सेकंद अडलं, पाय आपटला, पण नजर काढली नाही. त्या थांबल्या. उपाशीपोटीच ना, असं परत विचारून घेतलं त्यांनी.

आता एकच विचारायचंय. 'मी अडते' हे पॅनेलला सुरुवातीलाच सांगू की पहिल्यांदा अडेल तेव्हा? दोन्ही चित्रं करून बघतेय, सुरुवातीला सांगताना 'मी'चा 'म'च अडतो.